बाजाराचे टक्के आणि आपल्या सलूनचा गल्ला: गोव्यात बेंचमार्क कसा वापरायचा

सलूनवाल्याला "धंदा कसा चाललाय" विचारलं की दोनच उत्तरं येतात, "बरा आहे" नाहीतर "डाऊन आहे". कशाच्या मानाने बरा, कुणाच्या मानाने डाऊन, हे विचारलं की माणूस गप्प होतो. फोंड्याला आमचं सलून आहे, कात्री नवऱ्याच्या हातात आणि हिशेब माझ्या, त्यामुळे ओळखीतले सलूनवाले-पार्लरवाल्या अधूनमधून वही घेऊन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो की वहिनी, नेटवर लिहिलंय स्टाफचा खर्च इतके टक्के हवा, भाडं इतके टक्के हवं, माझं तर जास्त येतंय, आता काय करू?

माझं उत्तर ठरलेलं असतं, लगेच काही करू नका. कुणाला काढू नका, रेट वाढवू नका, जागा तर अजिबात सोडू नका. आधी ते टक्के कशावर काढलेत ते बघा आणि तुमचे कशावर काढलेत ते बघा, कारण निम्म्या वेळा दोन्हीकडे मोजणीच वेगळी असते आणि आपण उगाच घाबरलेले असतो, किंवा त्याहून वाईट, उगाच खूश असतो.

फिरणारे टक्के

बेंचमार्क म्हणजे आपला आकडा ज्याच्याशी ताडायचा ते बाजारातलं माप, आणि तुम्ही कुठेही वाचा, साधारण हेच आकडे दिसतात: स्टाफवर विक्रीच्या ४० ते ५० टक्के, वापरायच्या मालावर १० टक्क्यांच्या आसपास, भाडं १० टक्क्यांच्या आत, आणि शॅम्पू-सीरम वगैरे विकून येणारी रिटेल विक्री १० ते १५ टक्के. हे अंदाजाचे ठोकताळे आहेत, बहुतेक अमेरिका-इंग्लंडकडून आलेले, आणि तिकडे स्टायलिस्टला कमिशन देतात, केलेल्या कामाच्या ४०-५०-६० टक्के त्याच्या खिशात जातात, मग स्टाफचा खर्च निम्म्याच्या जवळ जाणारच ना.

आपल्याकडे लेडीज आणि युनिसेक्स सलूनमध्ये पगार अधिक इन्सेन्टिव्ह चालतं, म्हणजे पगाराच्या अमुक पट टार्गेट आणि त्यावर गेलं की टक्केवारी. आणि जुन्या जेन्ट्स सलूनमध्ये अजून फिफ्टी-फिफ्टी, कामाचे निम्मे पैसे कारागिराचे, निम्मे मालकाचे. आता ज्याच्याकडे फिफ्टी-फिफ्टी आहे त्याने "माझा स्टाफ खर्च ५० टक्के, बेंचमार्कपेक्षा जास्त" म्हणून झोप उडवून घ्यायची काहीच गरज नाही, तो आकडा त्याने स्वतःच ठरवलाय. त्याचा खरा प्रश्न हा की उरलेल्या ५० मध्ये भाडं, लाईट, माल जाऊन स्वतःला काय राहतं. म्हणून पहिलं काम, ज्या सलूनचे टक्के तुम्ही वाचताय ते कमिशनवर चालतं, पगारावर, की खुर्ची भाड्याने देऊन, हे कळल्याशिवाय स्टाफचा आकडा शेजारी ठेवूच नका.

आधी आपले आकडे साफ करा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळा फायदा इथेच आहे. एक उदाहरण घेऊ, आकडे मनाने धरलेले आहेत पण असे गल्ले मी बघते.

चार खुर्च्यांचं सलून, महिन्याची विक्री ३,६४,००० रुपये. ही विक्री जीएसटी काढून आणि डिस्काउंट वजा करूनच धरायची. टिप्स त्यात नाहीत, त्या मुलांच्या. आणि मेंबरशिप किंवा पॅकेजचे आगाऊ घेतलेले पैसेसुद्धा नाहीत! कुणी १०,००० भरून वर्षभराचं पॅकेज घेतलं तर ते पैसे त्या महिन्याची कमाई नव्हे, ते तुम्ही केसांचं काम करून फेडायचं देणं आहे, जसजशी सर्व्हिस देत जाल तसतसं विक्रीत टाका. हे न केल्यामुळे डिसेंबरमध्ये पॅकेजची ऑफर लावणाऱ्याचे डिसेंबरचे टक्के एकदम झकास दिसतात आणि फेब्रुवारीत खुर्च्या भरलेल्या असून गल्ल्यात काही पडत नाही, मग तो म्हणतो हिशेबात गडबड आहे.

स्टाफ बघा. पगार ९२,०००, इन्सेन्टिव्ह १४,०००, झाले १,०६,०००. पण गोव्यात बरेच स्टायलिस्ट बाहेरून आलेले असतात, यूपीचे, नॉर्थ-ईस्टचे, आणि त्यांना खोली मालकच देतो. त्या खोलीचं भाडं १२,०००, ते घरखर्चात किंवा "इतर" मध्ये पडलेलं असतं. ते स्टाफमध्येच आणा, १,१८,००० झाले, म्हणजे ३२.४ टक्के. मालक खूश, बेंचमार्क ४० आणि आपण ३२! थांबा हो. तुम्ही स्वतः रोज अर्धा दिवस कात्री चालवता त्याचा पगार कुठे आहे? तुमच्याजागी तेवढ्या कामाला माणूस ठेवला असता तर समजा २५,००० लागले असते, ते धरले की १,४३,००० आणि ३९.३ टक्के. हा खरा आकडा. आपल्याकडचे बहुतेक सलून स्वतःची मजुरी नफ्यात मोजतात आणि मग दुसरी ब्रांच काढतात, जिथे कापायला ते स्वतः नसतात, आणि तिथे नफा सापडत नाही.

जागेचंही तसंच. घराच्या पुढच्या खोलीत किंवा वडिलांच्या दुकानात सलून असेल तर भाडं शून्य लिहू नका, तीच जागा दुसऱ्याला दिली असती तर काय मिळालं असतं ते लिहा. आणि भाड्याची जागा असेल तर त्यावरचा जीएसटी विसरू नका, कारण इथे २०२५ मध्ये मोठा फरक पडलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून-पार्लरच्या सर्व्हिसवर जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट बंद. गिऱ्हाईकाला छान, पण आपण भाड्यावर, मालावर, फर्निचरवर जो जीएसटी भरतो तो आता परत मिळत नाही, तो सरळ खर्च. आपल्या उदाहरणात भाडं ३५,०००, म्हणजे ९.६ टक्के, १० च्या आत, पास. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ४१,३०० आणि ११.३ टक्के, नापास. घरमालकाचं रजिस्ट्रेशन नसेल आणि तुमचं रेग्युलर असेल तरी १० ऑक्टोबर २०२४ पासून हा टॅक्स रिव्हर्स चार्जने तुमच्याच गळ्यात आहे. म्हणजे सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या कुठल्याही भारतीय सलूनचे टक्के बघत असाल तर त्यांच्या खर्चात हा जीएसटी नसण्याची शक्यता धरा आणि तुमच्याशी ताडताना तेवढं मागेपुढे करा. (ज्यांची वर्षाची विक्री २० लाखांच्या आत आहे आणि रजिस्ट्रेशनच नाही त्यांना क्रेडिट आधीही नव्हतं, त्यांच्या बाजूने यात फारसं बदललं नाही.)

मग माल. महिन्याला डिस्ट्रिब्युटरचं बिल ५८,०००, म्हणजे १५.९ टक्के, बेंचमार्क १०, आणि मालकीणबाई लगेच हेल्परवर ओरडणार की शॅम्पू सांडतेस. पण त्या बिलात १८,००० चा माल विकायला आणलेला आहे, रॅकवरचा. तो बाजूला काढा, उरले ४०,०००. आणि भागायचं कशाने? पूर्ण विक्रीने नाही, ३,६४,००० मधले २६,००० रिटेलचे आहेत ते वजा करून ३,३८,००० ने. ११.८ टक्के आले. आता १६ आणि १२ मध्ये किती फरक आहे बघा, एका आकड्यावर तुम्ही माणसाला ओरडता आणि दुसऱ्यावर फक्त नजर ठेवता. शिवाय खरेदी म्हणजे वापर नव्हे, महिन्याच्या शेवटी शेल्फवर काय उरलंय ते मोजलं नाही तर स्कीममध्ये एकदम घेतलेल्या ट्यूबा एकाच महिन्याला झोपवतात.

एक बाजूची गोष्ट, पण सांगितलीच पाहिजे. खूप जण सीएकडे रिटर्न भरताना अंदाजाने नफा धरायच्या सोयीखाली (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडी) रोख विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्यावर ६ टक्के नफा दाखवतात. कायद्याने ती सोय आहे, ठीक आहे. पण ते बघून "सलूनमध्ये ८ टक्केच सुटतात" असं समजणारे लोक मी पाहिलेत. तो टॅक्सचा ठरवलेला दर आहे, तुमच्या धंद्याचं माप नाही, त्याला बेंचमार्क म्हणून वापरू नका.

ताडायला आकडे आणायचे कुठून

फुकट आणि खरे आकडे आहेत, फक्त शोधायचा कंटाळा. लॅक्मे सलून चालवणारी लॅक्मे लिव्हर ही हिंदुस्तान युनिलिव्हरची उपकंपनी आहे आणि लिस्टेड कंपनीला आपल्या उपकंपन्यांचे ऑडिट झालेले हिशेब वेबसाईटवर ठेवावे लागतात, ते उघडून बघा, पगारावर किती, भाड्यावर किती, सगळं दिसतं. अर्थात तिथे फ्रँचाइजीकडून येणारं उत्पन्नही मिसळलेलं असतं त्यामुळे जसेच्या तसे टक्के उचलायचे नाहीत, पण एका वर्षावरून दुसऱ्या वर्षी काय वाढलं, पगार की भाडं, हे बघायला उत्तम. अमेरिकेतल्या रेजिस या सलून कंपनीचे रिपोर्टही मोकळे मिळतात, पण ती मुख्यतः फ्रँचाइजीवर चालणारी कंपनी आहे, तिचे टक्के आपल्याला कामाचे नाहीत, हे मी मुद्दाम सांगते कारण नेटवर शोधलं की ती पटकन सापडते.

सरकारचा असंघटित क्षेत्रातल्या उद्योगांचा वार्षिक सर्व्हे आहे, एनएसओचा म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा, त्यात राज्यवार आकडे असतात आणि माणशी उत्पादन किती, कामगाराला वर्षाला किती मिळतात असलं काही बघता येतं. मात्र सलून तिथे "इतर सेवा" मध्ये बाकीच्यांबरोबर जातं. सलूनचा उद्योग कोड ९६०२ आहे, घरात कुणी पोरगा-पोरगी डेटा हाताळणारी असेल तर मूळ डेटातून तेवढं वेगळं काढायला सांगा, नाहीतर सोडून द्या.

अपॉइंटमेंट सॉफ्टवेअरवाल्यांचे रिपोर्ट वाचायला मजा येते, पण त्यात कोण असतं? ज्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतलं ते. म्हणजे थोडे मोठे, थोडे नीटनेटके, आणि अजून चालू असलेले. बंद पडलेल्या सलूनचे टक्के कुठल्याच रिपोर्टमध्ये नसतात. आणि फ्रँचाइजीच्या ब्रोशरमधला "इतक्या महिन्यांत पैसे वसूल" हा तक्ता तर आकड्यांमध्ये धरूच नका, ती विकणाऱ्याची जाहिरात आहे. तिथे मागायचं ते एवढंच, तुमच्या दोन चालू आउटलेटचे मागच्या बारा महिन्यांचे खरे हिशेब दाखवा, आणि त्यातलं एक तरी गोव्यातलं असू दे. दाखवले तर बोलणी पुढे न्या.

माझ्या मते सगळ्यात चांगला बेंचमार्क गावातच मिळतो. पाच-सहा सलूनवाले जमवा, शक्यतो एकाच गावातले नकोत म्हणजे कुणाला कुणाची भीती वाटत नाही, फोंडा, साखळी, डिचोली, म्हापसा, पेडणे असे एकएक घ्या, आणि रुपये न सांगता फक्त टक्के आणि तास एकमेकांना सांगा, सगळ्यांनी एकाच पद्धतीने काढलेले. मालकाची मजुरी धरलेली, भाड्यावरचा जीएसटी धरलेला, पॅकेज वेगळं केलेलं. सहा जणांचे असे साफ आकडे सहाशे जणांच्या रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगी पडतात. फक्त एक पथ्य, जमून कटिंगचे रेट ठरवू नका, सगळ्यांनी मिळून भाव बांधणं स्पर्धा कायद्यात बसत नाही. आणि डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनला चहा पाजा, तो कुणाचं नाव घेणार नाही (घेतलं तर तुमचंही दुसरीकडे घेतो हे लक्षात ठेवा) पण चार खुर्च्यांचं सलून महिन्याला साधारण किती कलर ट्यूब उचलतं एवढं त्याला तोंडपाठ असतं.

गोव्याचं कॅलेंडर

इथेच बाहेरचा बेंचमार्क सगळ्यात जास्त फसवतो. मासेमारीच्या बंदीत जून-जुलैला इसवणाचा जो भाव असतो त्यावरून कुणी जानेवारीचं बजेट काढत नाही, पण सलूनवाले अगदी तेच करतात, मे महिन्याशी जून ताडतात आणि म्हणतात ३० टक्के पडला.

मागच्या महिन्याशी ताडू नका हे सगळे सांगतात, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा म्हणतात. आपल्याकडे तेही चालत नाही. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बघा. २०२५ ला चवथ २७ ऑगस्टला, २०२६ ला १४ सप्टेंबरला. चवथीच्या आधीची गर्दी तुम्हाला माहितीच आहे, बायका कलर, क्लीनअप, पुरुष कटिंग, मुंबईहून आलेली मंडळी वेगळी. २०२५ मध्ये ती सगळी ऑगस्टमध्ये पडली. २०२६ ला श्रावणच १३ ऑगस्टला सुरू, म्हणजे केस-दाढीला हात न लावणारे लोक अर्धा ऑगस्ट गायब आणि गर्दी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. कुणी ऑगस्टला ऑगस्ट लावला तर धंदा कोसळलेला दिसणार, आणि सप्टेंबरला सप्टेंबर लावला तर एकदम उसळी, आणि दोन्ही खोटं. उपाय सोपा, ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून एक आकडा करा आणि जोडीला जोडी लावा.

तसंच फेब्रुवारी ते एप्रिल. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळात, ख्रिश्चन लग्नं नसतात; तो सुरू होतो ॲश वेन्सडेला, २०२५ ला तो ५ मार्चला होता, २०२६ ला १८ फेब्रुवारीला, ईस्टर अनुक्रमे २० एप्रिल आणि ५ एप्रिल. ज्याचा ब्रायडलचा धंदा मडगाव-सासष्टीत आहे त्याला एप्रिल २०२६ आपोआप चांगला दिसणार. उलट हिंदू लग्नांवर जगणाऱ्याला २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक महिना, म्हणजे मुहूर्त नाहीत. यात तुमच्या मेकअपवालीचा काही दोष नाही आणि इन्स्टाग्रामच्या जाहिरातीचाही नाही. फेब्रुवारी-मार्च-एप्रिल एकत्र, मे-जून एकत्र, असं धरलं तर बराच गोंधळ कमी होतो. आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे मागच्या बारा महिन्यांची बेरीज, दर महिन्याला नवा महिना आत, जुना बाहेर, त्यात सगळे सण एकेकदा येतातच. अगदी काटेकोर नाही, कधी एक चवथ दोनदा येते कधी एकदाही नाही, तेवढं ध्यानात ठेवायचं.

किनाऱ्यावरच्यांचं अजून वेगळं. कळंगुट-कांदोळीचं सलून नोव्हेंबर ते फेब्रुवारी कमावतं आणि पावसात स्टाफला पोसतं, त्याने महिन्याचा स्टाफ टक्का काढूच नये, जुलैत तो ७० आला म्हणून कुणाला काढलं तर ऑक्टोबरला तसा कलरिस्ट मिळणार कुठून. त्याने जून ते मे असं वर्ष धरावं आणि वर्षाचाच टक्का बेंचमार्कशी लावावा.

खुर्चीचे तास

टक्के हे लक्षण सांगतात, कारण सांगत नाहीत. स्टाफ ३९ टक्के आहे, बरं, पण का? माणसं जास्त आहेत, की खुर्च्या रिकाम्या आहेत, की रेट कमी आहेत? तिन्हीचे उपाय वेगळे. हे कळायला तास मोजावे लागतात.

आपल्या उदाहरणात मालक सोडून तीन स्टायलिस्ट, दिवसाला कामाचे ९ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे विकायला ७०२ तास आहेत. अपॉइंटमेंटच्या वहीतून प्रत्येक कामाला ठरलेला वेळ लावा, जेन्ट्स कट अर्धा तास, रूट टचअप दीड तास, केराटिन तीन-साडेतीन तास, जे तुमच्याकडे लागतं ते, आणि बेरीज करा. समजा ४१६ तास भरले. ५९ टक्के. ४१६ तासांत ३,६४,००० आले म्हणजे काम केलेल्या तासाला ८७५ रुपये. (सोपं जावं म्हणून इथे रिटेल आणि मालकाच्या हातची विक्री वेगळी काढलेली नाही. तुम्ही काढाल तेव्हा ती वजा करा, किंवा मालकाचे तास धरायचे असतील तर तास आणि विक्री दोन्हीकडे धरा, फक्त एकीकडे नको.)

हे दोन आकडे हातात आले की खेळ सोपा होतो. तास ८५-९० टक्के भरलेले आहेत आणि तरी स्टाफ टक्का जास्त, तर रेट कमी आहेत, वाढवा. तास ५० च्या आसपास आणि तासाची कमाई चांगली, तर गिऱ्हाईक कमी आहे, रेटला हात लावू नका. आणि दिवसवार बघितलं की अजून काही दिसतं, शनिवारी माणसं उभी असतात आणि सोमवारी-मंगळवारी मुलं मोबाईल बघत बसतात, म्हणजे महिन्याचे ५९ हे खरं तर शनिवारचे १०० आणि मंगळवारचे २५ आहेत. मग नवीन माणूस घ्यायचा नाही, सुट्टीचे दिवस बदलायचे, शनिवारी सगळे हजर, सोमवार-मंगळवार आलटून पालटून. यात एक पैसा लागत नाही. मंगळवारी डिस्काउंट द्यायचा मोह होतो, पण ज्या घरात मंगळवारी केस कापत नाहीत त्या घरात २० टक्के सूट देऊनही कापत नाहीत, त्यापेक्षा त्या दिवशी कलर-स्पा किंवा लांब वेळ लागणारी कामं ओढा.

रेट वाढवायची भीती सगळ्यांना असते म्हणून हा हिशेब करून ठेवा. ५०० चं काम, त्यात माल ६० चा, हातात ४४०. शंभर गिऱ्हाईकांचे ४४,०००. रेट ५५० केला, हातात ४९०. आता ४४,००० भागिले ४९०, म्हणजे ९० गिऱ्हाईकं. शंभरातली दहा गेली तरी तुम्ही होता तिथेच आहात, आणि दहा कामांचा वेळ मोकळा.

परत येणारे आणि न येणारे

नवीन आलेल्यांपैकी किती परत आले हा बेंचमार्क सगळीकडे असतो आणि गोव्यात तो सरसकट लावला की चक्क चुकीचं चित्र दिसतं. बागा बीचकडे दिल्लीहून लग्नाला आलेली बाई ब्लोड्राय करून गेली, ती परत येणार नाही, तुम्ही कितीही चांगलं केलं तरी. म्हणून बिल करताना तीन खुणा ठेवा: इथला, टुरिस्ट, आणि इथे येऊन राहिलेला, म्हणजे आसगाव-शिवोलीला घर घेऊन लॅपटॉपवर काम करणारे, ते दर महिन्याला येतात आणि कलर करतात, त्यांना टुरिस्टमध्ये टाकू नका. परतीचा टक्का फक्त पहिल्या आणि तिसऱ्यांचा काढा. टुरिस्टसाठी त्याऐवजी हॉटेल किंवा व्हिलावाल्याकडून किती आले ते लिहा.

मुदतही कामाप्रमाणे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून रूट टचअपवाली पाच-सहा आठवड्यांत यायला हवी, जेन्ट्स कटवाला महिन्या-सव्वा महिन्यात, पण लांब केसांची बाई तीन-चार महिने आली नाही तर ती गेली असं नाही. सगळ्यांना ९० दिवसांची एकच फूटपट्टी लावली की जेन्ट्समध्ये गळती लपते आणि लेडीजमध्ये नसलेली गळती दिसते.

ॲव्हरेज बिलाबद्दल थोडक्यात. नऊ बिलं ३०० ची आणि एक ब्रायडल १२,००० चं, ॲव्हरेज १,४७०, आणि १,४७० चं बिल प्रत्यक्षात कुणाचंच नाही. ब्रायडल वेगळं काढा, आणि बाकीची बिलं लहान ते मोठी लावून मधलं बघा. रिटेलच्या १०-१५ टक्क्यांचं मी फार मनावर घेत नाही, गिऱ्हाईक तीच बाटली तुमच्यासमोर फोनवर ऑनलाईन शोधतं आणि स्वस्त मिळवतं. हाताखालच्या मुलांना बाटल्या विकायचं टार्गेट दिलं की खुर्चीत बसलेली बाई वैतागते, ते नुकसान कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

एका वेळी एकच

सगळं काढून झालं की तीन-चार आकडे बाजारापेक्षा वेगळे दिसतील. त्यातला रुपयात सगळ्यात मोठा उचला, टक्क्यात नाही. आपल्या उदाहरणात माल ११.८ आहे, तो १० वर आणला तर महिन्याला सहा हजार वाचतात. रिकाम्या २८६ तासांतले फक्त ४० तास भरले तर ८७५ च्या हिशेबाने ३५,००० येतात. तरी लोक मालामागे लागतात, कारण शॅम्पू सांडलेला दिसतो आणि रिकामा तास दिसत नाही.

मालावर काम करायचंच असेल तर ओरडून काही होत नाही, मिक्सिंगच्या जागी किचनचा वजनकाटा ठेवा आणि उरलेला बोल धुवायच्या आधी वजन करून लिहायला सांगा. दिवसाला चार कलर, प्रत्येकात १५ ग्रॅम उरलं, ६० ग्रॅम मिश्रण, १ भाग कलरला १.५ भाग डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं क्रीम) धरला तर त्यात २४ ग्रॅम कलर, म्हणजे दोन-अडीच दिवसाला एक ट्यूब सिंकमध्ये. लिहायला लागलं की पुढच्या आठवड्यापासून हात आपोआप आखडतो.

बदल केला की लगेच दुसरा करू नका, तीन महिने थांबा, आणि मध्ये चवथ, लेंट, पहिला पाऊस काय काय आलं ते वहीच्या कडेला लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. दुसरं सलून काढायच्या विचारात असाल तर हे सगळे आकडे स्वतःची कात्री बाजूला ठेवून एकदा पुन्हा काढा, विक्रीतून तुमच्या कामाची विक्री वजा आणि खर्चातून तुमची मजुरीही वजा, तेव्हा काही उरत असेल तरच जागा बघायला जा.

स्टाफला काय दाखवायचं, हा प्रश्न राहतो. पगाराचे टक्के भिंतीवर लावू नका, त्यातून भांडणंच होतात, आणि एकाचा इन्सेन्टिव्ह दुसऱ्याला कळतो. भरलेले तास आणि इथल्या गिऱ्हाईकांपैकी परत आलेले किती, हे दोनच दाखवा, आणि तेही माणसागणिक त्याला एकट्याला, सोमवारी सकाळी शटर उघडल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आधी.